देश श्रीमंत कसे होतात? दीर्घकालीन आर्थिक वाढीविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वाचक, शिक्षक आणि स्पर्धा परीक्षांचे विद्यार्थी या विषयावर जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते येथे एकत्र केले आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल. एका प्रश्नाचा धागा दुसऱ्यात जातो तेथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. दीर्घकालीन आर्थिक वाढ म्हणजे नेमके काय? दर तिमाहीला जाहीर होणारा विकासदर तोच का?

तोच नव्हे. तिमाहीच्या आकड्यावर पाऊसमान, सरकारी खर्च, व्याजदर, परदेशातील मागणी अशा तात्पुरत्या गोष्टींचा प्रभाव असतो. दीर्घकालीन वाढ पाहताना महागाईचा परिणाम वगळून माणशी उत्पन्न वीस-तीस वर्षांत किंवा त्याहूनही मोठ्या काळात सरासरी किती गतीने वाढले, हे तपासतात. लोकसंख्येबरोबर एकूण उत्पादन वाढले तरी माणशी वाटा जागच्या जागी राहू शकतो, म्हणून देशादेशांची तुलना दरडोई आकड्यांवरच करावी.

२. एक-दोन टक्क्यांच्या फरकाने एवढे काय बिघडते?

फार बिघडते, कारण वाढ चक्रवाढीने होते. ७० या संख्येला वार्षिक वाढीच्या टक्क्यांनी भागले की उत्पन्न दुप्पट व्हायला लागणारी वर्षे अंदाजे कळतात: १ टक्क्याला ७० वर्षे, २ टक्क्यांना ३५, ७ टक्क्यांना १०.

१९५० ते १९८० या काळात भारताचे एकूण उत्पन्न वर्षाला साधारण साडेतीन टक्क्यांनी वाढले आणि लोकसंख्या दोन टक्क्यांहून अधिक गतीने वाढली, त्यामुळे दरडोई वाढ सव्वा-दीड टक्क्यापलीकडे गेली नाही. या गतीने उत्पन्न दुप्पट व्हायला अर्धे शतक लागते. १९६० च्या सुमारास दक्षिण कोरियाचे दरडोई उत्पन्न वर्षाला दीडशे डॉलरच्या आसपास आणि भारताचे त्याच्या निम्म्याच्या आसपास होते. दोन्ही देश गरीबच मानले जात. आज कोरियाचे दरडोई उत्पन्न तीस हजार डॉलरच्या पुढे आहे, तर भारताचे अडीच हजारांच्या आसपास. हा सगळा फरक काही टक्क्यांचा वार्षिक फरक तीन-चार दशके टिकल्याने पडला. त्या संथ दशकांत जी पिढी वाढली, तिचे कुपोषण, तिचे हुकलेले शिक्षण आणि अकाली मृत्यू नंतरच्या कोणत्याही विकासदराने भरून निघत नाहीत. म्हणूनच हा विषय केवळ अर्थशास्त्रज्ञांच्या कुतूहलाचा नाही.

३. बचत आणि गुंतवणूक वाढवली की वाढ आपोआप होत नाही का?

सुरुवातीला होते, पण पुढे तिला ओहोटी लागते. शिंप्याला पहिले शिलाई मशीन मिळाले की त्याचे काम कित्येक पटींनी वाढते. दुसरे मिळाले तर मोडतोडीच्या वेळी उपयोगी पडते. तिसरे धूळ खात पडते. अर्थशास्त्रज्ञ रॉबर्ट सोलो यांनी १९५६ आणि १९५७ मधील लेखांत हाच विचार गणिताने मांडला. १९०९ ते १९४९ या काळात अमेरिकेत श्रमाच्या प्रत्येक तासामागे उत्पादनात जी वाढ झाली, तिचा सुमारे एक अष्टमांश भागच वाढलेल्या भांडवलाने स्पष्ट होतो, असे त्यांना आढळले. उरलेल्या सात अष्टमांशाचे श्रेय त्यांनी तंत्रातील सुधारणेला दिले, आणि त्यात काम करण्याच्या सुधारलेल्या पद्धतीही येतात. त्याच साधनांतून अधिक उत्पादन काढण्याच्या या क्षमतेला उत्पादकता म्हणतात.

सोव्हिएत संघाचा अनुभव या सिद्धांताची मोठी कसोटी ठरला. तेथे राष्ट्रीय उत्पन्नाचा प्रचंड हिस्सा दशकानुदशके कारखान्यांत आणि धरणांत ओतला गेला, शेतातील माणसे कारखान्यांत आणली गेली, आणि वाढीचे आकडे काही काळ इतके चांगले होते की पाश्चात्त्य अभ्यासकही धास्तावले होते. हलवण्याजोगी माणसे आणि वाढवण्याजोगी बचत संपत आली तेव्हा उत्पादकता फारशी वाढत नसल्याचे उघड झाले आणि १९७० च्या दशकात गती मंदावली.

याच तर्काने गरीब देशांनी श्रीमंत देशांना आपोआप गाठायला हवे होते, कारण त्यांच्याकडे भांडवल कमी असल्याने प्रत्येक नव्या यंत्राचा लाभ जास्त. प्रत्यक्षात काहींनी गाठले आणि बहुतेकांनी नाही. पुढचे जवळपास सगळे प्रश्न या विसंगतीतूनच निघतात.

४. तंत्रज्ञान तर विकत मिळते. मग गरीब देश ते आणून श्रीमंत का होत नाहीत?

या प्रश्नाचे सर्वांत बोलके उत्तर मुंबईच्या गिरण्यांत आहे, म्हणून येथे थोडे थांबणे भाग आहे.

कावसजी दावर यांची सूतगिरणी ताडदेवला १८५६ मध्ये सुरू झाली. जपानमधील पहिली मोठी यशस्वी गिरणी ओसाकाला १८८३ मध्ये चालू झाली, म्हणजे मुंबईला पाव शतकाहून अधिक आघाडी होती. दोन्हीकडची यंत्रे इंग्लंडमधील लँकेशायरमधून, आणि बरीचशी ओल्डहॅमच्या प्लॅट ब्रदर्स या एकाच कारखान्यातून येत. कच्च्या मालात तर मुंबईचे पारडे जड होते. जपानला कापूस आयात करावा लागे आणि १८९३ मध्ये जमशेटजी टाटांच्या सहभागाने मुंबई-कोबे जहाजमार्ग सुरू झाल्यावर हिंदुस्थानचा कापूसच तिकडच्या चात्यांवर (सूत कातण्याच्या फिरत्या सळ्यांवर) मोठ्या प्रमाणात जाऊ लागला. असे असूनही जपानी गिरण्यांनी आधी स्वतःच्या बाजारातून आणि मग चीनच्या बाजारातून मुंबईचे सूत हटवले. १९३० च्या दशकात जपानी कापड समुद्र ओलांडून येऊनही येथे इतके स्वस्त पडत होते की १९३३ मध्ये सरकारला ब्रिटिशेतर कापडावर ७५ टक्के जकात बसवावी लागली.

यंत्र तेच आणि कापूस आपला. फरक पडला तो गिरणीच्या आत. जपानी गिरण्यांनी रिंग चात्या, म्हणजे सूत अखंड कातणाऱ्या नव्या प्रकारच्या चात्या, लवकर स्वीकारल्या, निरनिराळ्या जातींचा कापूस मिसळून स्वस्तात चांगले सूत काढण्याचे कौशल्य मिळवले आणि दोन पाळ्यांत यंत्रे चालवली. त्यांच्या गिरणीमालक संघात तांत्रिक माहितीची देवाणघेवाण होई आणि शिकलेले अभियंते प्रत्यक्ष खात्यात उभे राहत. त्याच यशाच्या मुळाशी वसतिगृहांत कोंडल्यासारख्या राहणाऱ्या तरुण मुलींचे कष्टही होते, हे विसरू नये. १९३० च्या दशकाच्या अखेरीस एक जपानी कामगार मुंबईच्या कामगाराच्या कित्येक पट चात्या सांभाळत होता.

मुंबईत गिरण्या चालवणाऱ्या अनेक व्यवस्थापक घराण्यांचे कमिशन उत्पादनावर किंवा विक्रीवर ठरलेले असे, त्यामुळे खर्च कमी करण्याची निकड त्यांना कमी भासे. खाते चालवण्याचे काम जॉबरवर, म्हणजे मुकादमावर, सोडलेले असे. तोच माणसे भरती करी, तोच दस्तुरी (काम देण्याबद्दलची लाच) घेई आणि तोच बदली कामगारांना ताटकळत ठेवी. एका विणकराकडे दोनऐवजी तीन साचे (माग) देण्याची टूम निघाली तेव्हा १९२८ मध्ये सहा महिन्यांचा संप झाला. या इतिहासात कामगारांच्या अंगावर आळसाचा ठपका ठेवणारे लेखन पुष्कळ आहे, आणि ते मला अन्यायकारक वाटते. तीन साचे चालवून आपलाच सोबती बेकार होणार आणि वाढलेल्या उत्पादनातला वाटा आपल्याला मिळेल याची हमी नाही, अशा स्थितीत कोणताही शहाणा माणूस नकारच देईल. शिवाय १८९६ पासून १९२५ पर्यंत येथील गिरणीच्या कापडावर साडेतीन टक्के उत्पादनकर होता. तो लँकेशायरच्या हितासाठी लावलेला होता. ओसाकाच्या मागे स्वतःचे सरकार उभे होते.

म्हणून यंत्र विकत मिळते, पण ते उत्तम चालवण्याची विद्या विकत मिळत नाही. ती कामगाराला, अभियंत्याला, मालकाला आणि सरकारला एकाच वेळी शिकावी लागते, आणि शिकण्यात प्रत्येकाचे हित असावे लागते. दीर्घकालीन वाढीची सगळी कारणे मला शेवटी याच एका कारणाशी येऊन मिळताना दिसतात.

५. मग शिक्षणावर खर्च वाढवला की पुरे का?

शिक्षणाशिवाय कोणताही देश फार पुढे गेलेला नाही, पण शाळेत काढलेली वर्षे आणि शिकणे यांत अंतर असते. १९६० नंतर अनेक विकसनशील देशांनी शाळेतील नोंदणी झपाट्याने वाढवली, तरी त्यांतील बऱ्याच देशांची उत्पादकता त्या प्रमाणात वाढली नाही. भारतात ‘प्रथम’ संस्थेच्या ‘असर’ पाहण्यांत ग्रामीण भागातील पाचवीच्या निम्म्याच्या आसपास मुलांनाच दुसरीच्या पातळीचा उतारा वाचता येतो, असे वर्षानुवर्षे आढळत आले आहे. अशी मुले आकडेवारीत आठ-दहा वर्षे शिकलेली दिसतात. वाढीशी घट्ट संबंध दिसतो तो वाचन, गणित आणि विज्ञानातील प्रत्यक्ष कौशल्यांचा.

दुसरी अट मागणीची आहे. शिकलेल्या माणसाला त्याच्या शिक्षणाचा उपयोग होईल असे काम मिळाले नाही, तर तो परदेशी जातो किंवा सरकारी भरतीच्या रांगेत उमेदीची वर्षे घालवतो.

६. ‘संस्था’ महत्त्वाच्या असतात असे सगळे सांगतात. येथे संस्था म्हणजे काय, आणि हे सिद्ध कसे होते?

येथे संस्था म्हणजे व्यवहाराचे लेखी-अलेखी नियम: मालमत्ता सुरक्षित आहे का, करार मोडला तर न्यायालय किती वर्षांत निकाल देते, नवा उद्योग काढायला कोणाची मर्जी लागते, सत्ताधाऱ्याला कोण अडवू शकते. डॅरन असेमोग्लू, सायमन जॉन्सन आणि जेम्स रॉबिन्सन यांना २०२४ चे अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक याच विषयावरील संशोधनासाठी मिळाले.

सर्वांत ठळक पुरावा कोरियाचा आहे. भाषा, इतिहास, चालीरीती आणि हवामान एक असलेला हा देश १९४५ मध्ये दुभंगला. जड उद्योग आणि वीज बहुतांशी उत्तरेकडे होती. दक्षिण भाग प्रामुख्याने शेतीचा होता. आज दक्षिण कोरिया जगातील प्रगत देशांत गणला जातो आणि उत्तरेकडील लोक अन्नटंचाईत दिवस काढतात. भूगोल किंवा संस्कृती या फरकाचे कारण असू शकत नाही.

तरीही ‘संस्था सुधारा’ हा सल्ला अपुरा आहे, कारण दक्षिण कोरियातही १९६१ ते १९७९ या वेगवान वाढीच्या काळात पार्क चुंग-ही यांची लष्करी छायेतील हुकूमशाही होती (पुढील प्रश्न पाहा). फरक इतका की १९५० च्या जमीनसुधारणेने तेथील जमीनदारवर्ग मोडला होता आणि सरकारी सवलत मिळवणाऱ्या उद्योगाला त्या बदल्यात काहीतरी करून दाखवावे लागत होते (प्रश्न १० पाहा).

७. लोकशाही आणि खासगी मालमत्तेचे ठाम कायदे नसताना चीन एवढा कसा वाढला?

संस्थांच्या सिद्धांतावरचा हा सर्वांत रास्त आक्षेप आहे. १९८० च्या सुमारास चीन आणि भारत यांचे दरडोई उत्पन्न जवळपास सारखे होते. आज चीनचे सुमारे पाचपट आहे.

चीनमध्ये नियम आदर्श झाले नाहीत, पण होते त्यापेक्षा बरे झाले. १९७८ नंतर सामुदायिक शेतीच्या जागी कुटुंबाकडे शेत आणि ठरलेला वाटा दिल्यावर उरलेले पीक विकण्याची मुभा आली, आणि त्याच जमिनीतून त्याच शेतकऱ्यांनी जास्त धान्य काढले. १९८० मध्ये शेन्झेनसारखी विशेष क्षेत्रे निघाली, जेथे नवे नियम देशभर लागू न करता पडताळून पाहता आले. स्थानिक अधिकाऱ्यांची बढती बऱ्याच अंशी आपल्या भागातील वाढीवर अवलंबून राहिली. त्याखाली प्राथमिक शिक्षण आणि सार्वजनिक आरोग्य यांचा पाया आधीच घातलेला होता.

हुकूमशाही हेच त्या यशाचे कारण होते असे मात्र म्हणता येत नाही. त्याच पक्षाच्या त्याच राजवटीत १९५९ ते १९६१ च्या दुष्काळात कोट्यवधी माणसे मेली आणि चूक दाखवणारा आवाज उठू शकला नाही. एकाधिकारशाही देशांत अतिवेगवान वाढही दिसते आणि संपूर्ण कोसळणेही.

८. खनिजे आणि तेल असलेले देश श्रीमंत व्हायला हवेत. मग ‘संपत्तीचा शाप’ का म्हणतात?

खनिजाचा पैसा आला की चलन महाग होते, इतर निर्यात मार खाते आणि सत्तेचे सगळे लक्ष तो पैसा ताब्यात घेण्याकडे लागते. नेदरलँड्समध्ये १९५९ मध्ये ग्रोनिंगेनचा वायुसाठा सापडल्यानंतर तेथील कारखानदारीचे जे झाले, त्यावरून या दुखण्याला ‘डच आजार’ म्हणतात. व्हेनेझुएलाची दुरवस्था तर सर्वांसमोर आहे.

पण हा शाप अटळ नाही. बोट्स्वाना १९६६ मध्ये स्वतंत्र झाला तेव्हा देशात पक्का रस्ता जेमतेम १२ किलोमीटर होता. पुढच्याच वर्षी ओरापाला हिरे सापडले. राष्ट्राध्यक्ष सेरेत्से खामा यांनी खनिजांचे हक्क जमातींकडून, स्वतःच्या जमातीकडूनही, राष्ट्राकडे आणले. डी बिअर्स कंपनीशी वाटाघाटी करून सरकारने खाणउद्योगात निम्मा हिस्सा मिळवला. पैसा शाळा, रस्ते आणि दवाखान्यांवर गेला. त्यानंतरची सुमारे तीन दशके बोट्स्वाना जगातील सर्वांत वेगाने वाढणाऱ्या देशांपैकी एक होता. हिऱ्यांवाचून दुसरा मोठा उद्योग उभा राहिला नाही ही त्याची उणीव, आणि प्रयोगशाळेत बनणाऱ्या हिऱ्यांमुळे मागणी घटल्यावर ती आता जाचते आहे.

नॉर्वेने १९९० मध्ये कायद्याने निधी स्थापून तेलाचा पैसा पुढच्या पिढ्यांसाठी परदेशी गुंतवला. गोव्याच्या वाचकांना हे परके वाटू नये: २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने लोहखनिजाच्या विक्रीतील किमान १० टक्के रक्कम कायमस्वरूपी निधीत ठेवण्याचा आदेश दिला, त्यामागे हाच विचार आहे.

९. उष्ण हवामानाचे देश गरीब राहतात हे खरे का?

सहसंबंध दिसतो. हिवताप आणि समुद्रापासूनचे अंतर यांचा खर्च खरा असतो. तरीही विषुववृत्तालगतचे सिंगापूर आणि समुद्रकिनारा नसलेले बोट्स्वाना (प्रश्न ८) पाहता भूगोलाने वाट अवघड होते, बंद होत नाही.

१०. मुक्त व्यापार चांगला की देशी उद्योगांना संरक्षण?

ज्या देशांनी झपाट्याने प्रगती केली त्यांपैकी बहुतेकांनी दोन्हींचा वापर केला. कोरियाने आयातीवर बंधने ठेवली, ठरावीक उद्योगांना स्वस्त कर्ज दिले, आणि बदल्यात निर्यातीचे लक्ष्य मागितले. तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष पार्क (प्रश्न ६) स्वतः दर महिन्याला निर्यातीचा आढावा घेत. १९६४ मध्ये १० कोटी डॉलरची निर्यात १९७७ मध्ये १००० कोटी डॉलरवर गेली. परदेशी ग्राहक दोषयुक्त माल घेत नाही, त्यामुळे संरक्षण असले तरी शिकणे टाळता आले नाही.

भारताने १९९१ पर्यंत संरक्षण दिले, पण ही अट घातली नाही. परवाना मिळालेल्या उद्योगाला गिऱ्हाईक ठरलेलेच होते. स्कूटरसाठी वर्षानुवर्षे नंबर लावणाऱ्या पिढीला हे वेगळे सांगायला नको. मालाचा दर्जा सुधारला काय आणि नाही काय, विक्रीत फरक पडत नव्हता.

११. मोठी तरुण लोकसंख्या म्हणजे वाढीची हमी का?

हमी नाही, संधी आहे, आणि तीही मुदतीची. जन्मदर घटला की काही दशके कमावत्या वयाच्या माणसांचे प्रमाण जास्त राहते. त्या काळात रोजगार, विशेषतः स्त्रियांना रोजगार मिळाला तर लाभ होतो. कोरियात १९६० च्या सुमारास एका स्त्रीमागे सरासरी सहा मुले होती, २०२३ मध्ये ०.७२, तेथे ही संधी वापरून संपली आहे.

१२. बरेच देश मध्यम उत्पन्नावर का अडकतात? आणि श्रीमंत देश मागे पडू शकतो का?

दुसऱ्याचे तंत्र आत्मसात करून जितके पुढे जाता येते तितके जाऊन झाल्यावर नवे तंत्र स्वतः काढावे लागते. तेथे वेगळे गुण लागतात: संशोधन, जोखीम घेणारे भांडवल आणि जुन्या बड्या उद्योगांना नव्याने मागे टाकू देण्याची तयारी. ही शेवटची गोष्ट राजकीयदृष्ट्या सर्वांत कठीण असते, कारण मागे पडणाऱ्यांचे वजन मोठे असते. ब्राझील आणि मलेशिया अनेक दशके या उंबरठ्यावर आहेत. कोरियाने तो ओलांडला.

मागे पडलेल्या देशांत अर्जेंटिना सर्वांत प्रसिद्ध. पहिल्या महायुद्धापूर्वी गहू, मांस आणि ब्रिटिश भांडवलाच्या रेल्वेच्या जोरावर तो जगातील श्रीमंत देशांत होता. पण जमीन मोजक्या हातांत होती, उद्योगांची मुळे उथळ होती, आणि १९३० च्या लष्करी बंडानंतर नियम दर काही वर्षांनी उलटेपालटे होत राहिले. १९८९ मध्ये महागाई वर्षाला ३००० टक्क्यांच्या वर गेली. तो देश निराधार झाला नाही, पण ज्यांच्या पंक्तीला बसत होता ते फार पुढे निघून गेले.

१३. देश एक, कायदे एक. तरी महाराष्ट्र आणि बिहार यांत एवढे अंतर का?

महाराष्ट्राचे दरडोई उत्पन्न बिहारच्या चौपटीहून अधिक आहे, म्हणून प्रश्न योग्य आहे. कायदे मात्र इतिहासात एक नव्हते. १७९३ च्या कायमधारा पद्धतीने बिहारमध्ये जमीनदारी (सारा जमीनदारामार्फत) आली, तर मुंबई इलाख्यात बव्हंशी रयतवारी (सारा थेट शेतकऱ्याकडून) होती. जमीनदारी असलेल्या जिल्ह्यांत स्वातंत्र्यानंतरही शेतीतील गुंतवणूक आणि शाळा-दवाखाने कमी राहिल्याचे संशोधनात दिसते. स्वातंत्र्यानंतर भाडे-समानीकरणाच्या धोरणाने पोलाद देशभर एकाच दराने मिळू लागले, आणि खाणींजवळ असण्याचा तेव्हाच्या बिहारचा फायदा १९९० च्या दशकाच्या आरंभापर्यंत नाहीसाच राहिला. महाराष्ट्राच्या कारखानदारीला त्याचा लाभ झाला, हे आपण मोकळेपणाने मान्य करायला हवे.

राज्याच्या आतही हाच प्रश्न आहे. दांडेकर समितीने १९८४ मध्ये आणि केळकर समितीने २०१३ मध्ये विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र यांतील अंतर मोजले. मुंबई-पुणे पट्ट्याच्या सरासरीने हिंगोली किंवा गडचिरोलीचे जगणे कळत नाही.

१४. आयर्लंडचे उत्पन्न एका वर्षात २५ टक्क्यांनी वाढले असे वाचले. हे कसे शक्य आहे?

वाढले ते कागदावर. २०१५ मध्ये काही बहुराष्ट्रीय कंपन्यांनी कर कमी असल्यामुळे पेटंटसारखी अमूर्त मालमत्ता आयर्लंडच्या खात्यावर आणली, आणि तिच्यापासूनचे उत्पन्न त्या देशाच्या स्थूल देशांतर्गत उत्पादनात (देशाच्या हद्दीतील एकूण उत्पादनात) धरले गेले. तेथील कामगाराच्या पगारात किंवा कारखान्यांच्या संख्येत असा काही बदल झाला नव्हता. म्हणून आयर्लंडच्या सांख्यिकी कार्यालयाने असे परिणाम वगळणारे वेगळे सुधारित राष्ट्रीय उत्पन्न प्रसिद्ध करायला सुरुवात केली, आणि ते नेहमीच्या आकड्यापेक्षा बरेच कमी असते. आयर्लंडची १९९० च्या दशकातली वाढ मात्र खरी होती. शिक्षण, युरोपची बाजारपेठ आणि परदेशी कारखाने यांवर ती उभी होती. लहान देशांची क्रमवारी वाचताना स्थूल देशांतर्गत उत्पादनाबरोबर राष्ट्रीय उत्पन्न आणि सरासरी वेतन हे दोन आकडेही पाहावेत.